वाळूत शिरणारं बॉबटेल: प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

पाऊस ओसरला, वर्कशॉपमधली कामं थोडी रोडावली, म्हणून हे एकदाचं सुरू करतोय.

प्राणी: बॉबटेल स्क्विड. माकलीच्या नात्यातला, पण आखूड, गोलमटोल, पाठीवर दोन कानांसारखे पर. हवाई बेटांभोवतीच्या उथळ वाळूच्या पट्ट्यांत राहणारी युप्रिम्ना स्कोलोप्स ही जात त्यातली सर्वांत प्रसिद्ध. मोठी झाली तरी अंग जेमतेम ३ सेंटिमीटर. तिचं शास्त्रीय वर्णन १९१३ सालचं. प्रसिद्धी मात्र तिच्या पोटातल्या प्रकाशणाऱ्या जिवाणूंमुळे. रात्री ती शिकारीला निघते तेव्हा हे जिवाणू पोटाकडून मंद उजेड देतात, त्यामुळे चांदण्यात खालून बघणाऱ्याला तिची सावली दिसत नाही. पहाट झाली की ती त्यातले सुमारे ९५ टक्के जिवाणू बाहेर टाकून देते आणि वाळूत शिरून दिवसभर पडून राहते.

जगभरातल्या प्रयोगशाळा त्या जिवाणूंच्या मागे आहेत. मला उत्सुकता आहे ती त्यानंतरच्या काही सेकंदांची. या प्राण्याला नख्या नाहीत, शिंपला नाही, हाडं नाहीत. अंग मऊ, वजन नगण्य. तरीही तो बघता बघता वाळूखाली जातो, वर फक्त डोळ्यांचा अंदाज येतो, तोही ठाऊक असेल तर.

ढोबळ रीत माहीत आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्युल्स इथे एक जुनं सागरी संशोधन केंद्र आहे, १८८२ सालचं. तिथे काम करणाऱ्या फॉन बोलेट्स्की यांनी १९७० मध्ये सेपिओला आणि सेपिएटा या बॉबटेलच्याच भाईबंदांचं वाळूत पुरून घेणं बारकाईने नोंदवलं. दोन टप्पे. आधी पोटाखालच्या नळीतून, म्हणजे ज्या नळीतून माकली पाणी सोडून पळते तिच्यातूनच, पाण्याचे फवारे सोडायचे: एक पुढच्या बाजूला, एक मागच्या बाजूला, आलटून पालटून. त्यात अंग खाली बसतं. मग दुसरा टप्पा: वरच्या बाजूच्या हातांची एक जोडी दोन्हीकडे पसरून आजूबाजूची वाळू डोक्यावर ओढून घ्यायची.

एवढं वाचून समाधान होत नाही. फवारा मारला की वाळू उडते, हे अंगणात पाइप धरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पण उडालेल्या वाळूत अंग *खाली* का जातं? आणि फवारे आलटून पालटूनच का? हे दोन प्रश्न टेबलावर सोडवायचे, सिलिकॉनचं बॉबटेल करून. जिवंत प्राणी आणायचा नाही. ही जमात पाळायची तर तापमान सांभाळलेलं, सतत खेळतं समुद्राचं पाणी लागतं, ते माझ्या छपराखाली होणारं काम नाही.

८ ऑक्टोबर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर गेलो होतो. आपल्या किनाऱ्यावर या कुळातलं काही मिळतं का, ते विचारायला. भारतातल्या याद्यांत इनिओट्युथिस मॅक्युलोजा वगैरे नावं आहेत. ओळखीच्या तांडेलकाकांना फोनवर चित्र दाखवलं. त्यांनी लांब धरून बघितलं. “एवढा बारका कोण निवडीत बसतो रे? बारीक मालात गेला की गेला.” मग थोडं थांबून, “पण डोळे भारी आहेत हां.”

११ ऑक्टोबर

साचा झाला. साबणाच्या वडीत कोरून त्याची प्लास्टरची प्रत काढली. लांबी ३ सेंमी, रुंदी २.५, जाडी १.८, म्हणजे आकारमान साधारण ७ घन सेंटिमीटर. सिलिकॉन रबर मऊ प्रतीचं घेतलं, त्याची घनता १.०७ आहे (गोड्या पाण्याची १ धरून). हे मुद्दाम. माकलीचं मांसही समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडंसंच जड असतं, त्यामुळे कुठे शिसं भरावं लागलं नाही. पाठीवरचे पर या खेपेला केले नाहीत.

पोटाखाली दोन नळ्या बसवल्या, दोन्हींचं तोंड २ मिलिमीटर. एक पुढे-खाली रोखलेली, एक मागे-खाली, वाळूच्या पातळीशी साधारण ३० अंशांचा कोन. खऱ्या प्राण्याला एकच नळी असते आणि ती तो हवी तशी वळवतो. रबराची वळणारी नळी करण्यात दिवाळी गेली असती. दोन नळ्या आणि दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडमीट होणाऱ्या झडपा), काम तेच.

१३ ऑक्टोबर

आज हात न लावता नुसतं गणित, आणि त्यातूनच खरं कोडं निघालं.

आधी वजन. आमचं रबरी बॉबटेल हवेत साडेसात ग्रॅम भरतं. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, तेव्हा पाण्यात त्याचं वजन उरतं सुमारे ०.३ ग्रॅम. म्हणजे ते वाळूवर बसलंय असं म्हणायचं, पण वाळूला त्याचा भार जाणवतही नसेल.

आता वाळू. खालून पाणी सोडलं की वाळूचे कण एकमेकांवरचा टेका सोडतात आणि सगळी वाळू द्रवासारखी वागू लागते. रवाळ पदार्थांबरोबर काम करणाऱ्यांना हे रोजचं आहे. बारीक, म्हणजे ०.२ मिमी कणांच्या वाळूला त्यासाठी फार जोर लागत नाही: सगळ्या थरातून पाणी सेकंदाला ०.३ ते ०.४ मिमी इतक्या संथ गतीने वर चढलं तरी पुरतं. तेव्हा ‘प्राणी वाळू पातळ करतो आणि तिच्यात बुडतो’ हे स्पष्टीकरण पटकन सुचतं, आणि बऱ्याच ठिकाणी तसं सांगितलेलंही असतं.

पण पातळ झालेल्या वाळूची घनता किती? निम्मी जागा वाळू आणि निम्मी पाणी धरलं तर १.८४. बॉबटेल १.०७. जड द्रवात हलकी वस्तू बुडत नाही. हिशेब केला तर वर पाणी आणि खाली पातळ वाळू अशा स्थितीत आमच्या बॉबटेलचा शंभरातला साडेपाच भाग वाळूत जाईल, बाकी सगळं वर. दलदलीत माणूस पूर्ण बुडत नाही, त्याचं कारणही हेच.

म्हणजे वाळू पातळ करणं हे उत्तराचा एक तुकडा असेल, पण नुसतं तेवढं केलं तर प्राणी तरंगायला हवा.

१९ ऑक्टोबर

गणितावर विश्वास आहे, तरी डोळ्यांनी बघायचं होतं.

काचेच्या टाकीत तळाशी भोकांची पट्टी, तिच्यावर गाळणकापड, वर ७ सेंमी वाळू. वाळू भाट्याच्या किनाऱ्यावरची, चाळणीने १५० ते २५० मायक्रॉनमधलीच (०.१५ ते ०.२५ मिमी) ठेवलेली. चाळण्या बांधकामाच्या मालाची तपासणी करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून उसन्या. पाणी भरतीचं, आणून दोन दिवस निवळत ठेवलेलं.

पंप हळूहळू वाढवत नेला. एका क्षणी वाळूचा पृष्ठभाग सैलावतो, काडी टोचली की विनाअडथळा तळापर्यंत जाते. बॉबटेल सोडलं. बसलं वरच. बोटाने दाबून पूर्ण आत घातलं, सोडलं, तर सावकाश वर आलं. भाच्याने (अकरावी, सायन्स) पंप वाढवला, वाळू उकळल्यासारखी दिसायला लागली, तरी बॉबटेल वरच डुलत राहिलं. मग पंप बंद केला तेव्हा एक गोष्ट झाली ती नोंदवण्यासारखी: दाबून धरलेलं असतानाच पंप बंद केला तर ते आत राहतं. वाळू क्षणात घट्ट होते आणि त्याला धरून ठेवते. उपसून काढायला जोर लावावा लागला.

म्हणजे आत राहणं सोपं आहे. आत जाणं अवघड.

२० ऑक्टोबर

पंप, व्हॉल्व्ह आणि ते चालवणारा आर्डुइनो (छोटा नियंत्रक बोर्ड), यांची जोडणी. गळती. बाकी काही नाही.

२६ ऑक्टोबर

फवाऱ्याचं माप ठरवलं. अर्धा मिलिलिटर पाणी पाव सेकंदात. २ मिमी तोंडातून ते सेकंदाला ६४ सेंमी वेगाने बाहेर पडतं. याहून मोठा घेता येत नाही, कारण उलटा धक्का. एक मिलिलिटर पाव सेकंदापेक्षा कमी वेळात सोडून बघितलं तर बॉबटेल बेडकासारखं उडालं. साहजिक आहे: त्या फवाऱ्याचा धक्का त्याच्या पाण्यातल्या वजनाच्या दुपटीहून जास्त भरतो. अर्ध्या मिलिलिटरचा धक्का मात्र वजनाच्या निम्म्याहूनही कमी आहे, तो सोसवतो.

इथे एक लक्षात आलं, ते आधी कुठे वाचल्याचं आठवत नाही. खाली फवारा मारणारा प्राणी स्वतःला *वर* ढकलत असतो. तरंगायची प्रवृत्ती एकीकडे, हा धक्का दुसरीकडे, दोन्ही त्याच्या विरुद्ध. तरी तो खाली जातो.

२७ ऑक्टोबर

आधी मुद्दाम चुकीच्या रीती, म्हणजे बरोबर रीत का बरोबर आहे ते कळेल.

(अ) सलग फवारा, थांबायचं नाही. वाळूत छान वाटी खणली जाते. बॉबटेल वाटीत जाऊन बसतं, कडेला वाळूचा बांध. पाणी बंद केलं तर वाटी तशीच, पाठ उघडीच. उडालेली वाळू फार लांब जाऊन पडते, परत अंगावर येत नाही. शत्रूला आणखी सोपं झालं: आता कुठे बघायचं ते खड्डाच सांगेल.

(आ) फक्त पुढच्या नळीतून, तुटक फवारे. प्रत्येक फवाऱ्याला बॉबटेल थोडं मागे सरकतं. वाळूत एक लांब चर उठतो आणि आपलं बॉबटेल टाकीच्या काचेला जाऊन टेकतं. अर्ध्या मिलिलिटरच्या फवाऱ्याचा आडवा धक्का आणि बुडाशी असलेलं घर्षण, दोन्हींचा हिशेब जवळपास सारखा येतो, त्यामुळे घसरणं थोडं थोडंच असतं, पण साठत जातं.

भाचा म्हणाला, “मामा, मग एकदा पुढे एकदा मागे केलं की जागेवरच राहील ना.” हो. आलटून पालटून करण्यामागचं निदान एक कारण एवढं साधं आहे. जागा सोडायची नसेल तर धक्के फिटले पाहिजेत.

त्याला अजून एक पोट-कारण आहे असा संशय आहे. दिवाळीनंतर.

३ नोव्हेंबर

अमावस्या नुकतीच झाली, उधाणाची ओहोटी चांगली उतरली होती. वाळू गोळा करायला बाहेर पडलो. रत्नागिरीत राहण्याचा एक फायदा: भगवती किल्ल्याच्या एका अंगाला पांढरा समुद्र, दुसऱ्या अंगाला मांडवीचा काळा समुद्र. वाळू इतकी वेगळी की लहान मुलंही पिशवी बघून सांगतील कुठली ते. काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजं असतात, या किनारपट्टीवर त्यांचे साठे आहेतच. इल्मेनाइटची घनता ४.७, साध्या वाळूतल्या क्वार्ट्‌झची २.६५. सारख्या मापाचा पण दुपटीच्या आसपास जड कण, प्रयोगाला आयता मिळाला. मांडवीहून दोन पिशव्या, आणि वरच्या रेषेतली जाडी वाळू वेगळी.

किनाऱ्यावरची वाळू नेताना थोडीच न्यावी.

७ नोव्हेंबर

आलटून पालटून फवारे. भाट्याची बारीक वाळू. पुढे पाव सेकंद, थांबा, मागे पाव सेकंद, थांबा. थांबण्याचा वेळ बदलत गेलो. आजचा दिवस या सगळ्या उद्योगाचा सर्वांत चांगला.

फोनवर सेकंदाला २४० चित्रं घेऊन संथ करून बघितलं. पुढचा फवारा सुटतो, डोक्याखालची वाळू पुढे आणि बाजूंना उचलली जाते, पाण्यात तिचा पडदा उभा राहतो. डोक्याखाली पोकळी झाली, डोकं तेवढं खाली झुकतं. फवारा संपतो. पडदा खाली बसायला लागतो, आणि त्याचा बराच भाग अंगाच्या कडेवर, परांच्या जागी, खांद्यांवर पडतो. मग मागचा फवारा: आता बूड खाली, पुन्हा वाळू कडेवर. डोकं, बूड, डोकं, बूड. प्रत्येक खेपेला खालची थोडी वाळू वर जाते आणि अंग तिच्या जागी येतं.

म्हणजे इथे बुडणं नाहीच. हा अदलाबदलीचा व्यवहार आहे. खालची वाळू काढून वर घालायची, आणि मधल्या क्षणी अंग झुकवायचं. तरंगण्याचं गणित खोटं ठरत नाही, त्याला फक्त वेळ मिळत नाही.

वेळेचं म्हणतो ते असं. ०.२ मिमीचा कण पाण्यात सेकंदाला सुमारे अडीच सेंटिमीटर खाली येतो. पडदा दोन-अडीच सेंमी उंच उठतो, म्हणजे खाली यायला साधारण सेकंद लागतो. दोन फवाऱ्यांमध्ये अर्ध्या ते एक सेकंदाची उसंत ठेवली की बॉबटेल उत्तम आत जातं. उसंत फार कमी केली, फवाऱ्यामागे फवारा, तर वाळू घट्ट व्हायला अवसरच मिळत नाही. अंगाखालचा सगळा भाग पातळ राहतो आणि मिळवलेली खोली गमावून बॉबटेल पुन्हा वर यायला लागतं. १९ ऑक्टोबरला टाकीत पाहिलं तेच, छोट्या जागेत.

फवाऱ्यांइतकंच मधलं थांबणं काम करतं. फवारा वाळू हलवतो, थांबणं ती घट्ट करतं आणि मिळालेली खोली कुलूपबंद करतं. आणि आलटून पालटून करण्याचं ते दुसरं कारण हे: मागचा फवारा चालू असतो तेव्हा पुढची वाळू बसत असते. एकाच्या कामात दुसऱ्याची विश्रांती उरकते, वेळ वाया जात नाही. पहाटेच्या उजेडात मासे हिंडायला लागलेले असताना सेकंदाला किंमत असणारच.

खऱ्या प्राण्यात हे नेमकं असंच चालतं, असा दावा नाही. त्याला पर आहेत, तो अंग आवळतो, फुगवतो. पण रबराच्या ठोकळ्याला दोन नळ्यांवर एवढं जमतं, तर रीत मूळची पाण्याची आणि वाळूची आहे, स्नायूंचं कसब त्यावर वरकड.

१० नोव्हेंबर

जाडी वाळू, १ मिमीच्या आसपास. जवळजवळ काहीच होत नाही.

कारण उघड आहे, पण आकडे मांडून बघितले तेव्हा फरक किती आहे ते जाणवलं. पातळ व्हायला ०.२ मिमीच्या वाळूला सेकंदाला अर्धा मिलिमीटरदेखील वर चढणारं पाणी लागत नाही. ०.५ मिमीला २ मिमीच्या वर लागतं, १ मिमीला ८. कण पाचपट जाडा, पाणी वीसपटीहून जास्त. शिवाय जाडा कण सेकंदाला १२-१३ सेंमी वेगाने खाली येतो, पडदा उठतो न उठतो तोच बसतो. फवाऱ्याचं पाणी कणांच्या फटींतून निसटून जातं, वाळू जागची हलत नाही.

३ सेंटिमीटरच्या प्राण्याच्या पोटात मावेल तेवढ्याच पाण्यावर हे करायचं म्हटलं, तर कुठे राहायचं याचे पर्याय वाळूच्या जाडीनेच आखून दिलेले असणार.

१६ नोव्हेंबर

काळी वाळू. चाळणी तीच, १५० ते २५० मायक्रॉन.

आधी चुंबक फिरवून बघितलं, बरंच काही चिकटून आलं, भाच्याचा अर्धा तास त्यातच गेला. इल्मेनाइट आणि समुद्राचं पाणी यांच्या घनतेतला फरक क्वार्ट्‌झच्या सव्वादोन पट आहे, तेव्हा ही वाळू उचलायला तेवढंच जास्त पाणी लागायला हवं. मांडवीची वाळू काही निव्वळ इल्मेनाइट नाही, त्यामुळे फरक त्याच्या आतलाच असणार.

पडदा उठतो, पण बुटका. सेंटिमीटरभर. कडेवर येऊन पडणारी वाळू कमी. बॉबटेल अर्धं जातं आणि तिथेच अडतं. उसंत कमी केली (जड कण लवकर बसतात) तेव्हा थोडं सुधारलं. फवारा मोठा केला तर उडी. म्हणजे दोन्हीकडून पेच: वाळू जड असेल तर जोर हवा, आणि जोर लावायला स्वतःचं वजन नाही.

एक गंमत. टाकीत दोन्ही वाळू मिसळून टाकल्या आणि फवारे चालू केले तर पांढरे कण वर उडतात, काळे खाली राहतात. बॉबटेलच्या पाठीवर पांढरी शाल, आजूबाजूला काळी जमीन. लपायला निघालेल्या प्राण्याला याहून वाईट काय असेल. खऱ्या प्राण्याच्या कातडीत रंग बदलणाऱ्या पेशी असतात, पण अंगावरच्या वाळूचा रंग त्याला बदलता येत नाही.

१७ नोव्हेंबर

गाळ. भाट्याच्या खाडीतला, न धुता. पाणी गढूळ झालं ते झालंच. ०.०२ मिमीचा कण सेकंदाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा एवढा सावकाश बसतो, १५ सेंमी पाणी निवळायला सात-आठ मिनिटं. आणि खरा गाळ त्याहून बारीक. काही दिसलं नाही. टाकी धुतली.

२४ नोव्हेंबर

दुसरा टप्पा: डोकं.

फवाऱ्यांनी अंग कडेपर्यंत जातं, पाठीवर पातळ थर येतो, पण डोक्याचा माथा उघडा राहतो. कितीही वेळ फवारे चालू ठेवले तरी. कारण पडद्याची सगळ्यांत जास्त वाळू बाजूंना पडते, मधोमध फार थोडी. खऱ्या प्राण्यालाही हात वापरावे लागतात ते उगीच नाही. फवारा हे ओबडधोबड हत्यार आहे, जागा निवडून वाळू टाकणं त्याच्याकडून होत नाही.

सिलिकॉनच्या दोन पट्ट्या, टोकाला मासेमारीची तंगूस, खालून सर्व्हो मोटर. पट्टी बाहेर पसरते, वाळूवर टेकते आणि आत ओढली जाते. पहिल्यांदा वाळू डोक्यावर येण्याऐवजी डोक्याच्या बाजूला ढीग झाला. पट्टीचं टोक थोडं वर वळवलं, आत येताना उचलत आणेल असं. आता येते. एका खेपेला चिमूटभर. प्राण्याचा हात लवचीक, त्यावर चूषकांच्या रांगा, त्याला वाळू धरता येते. आमची पट्टी नुसती लोटते.

तरी बघायला मजा येते. भाच्याने आईला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. ताईचं मत: पांघरूण ओढून घेतंय.

३० नोव्हेंबर

वाळू अंगावर *टिकणं* हा वेगळा विषय आहे, आणि युप्रिम्ना त्यात सेपिओलाच्या पुढे गेलेली आहे. तिच्या कातडीत चिकट स्राव सोडणाऱ्या पेशी असतात. त्यामुळे ती वाळूतून बाहेर निघाली तरी वाळूचा थर अंगाला धरून ठेवू शकते, अंगरखा घातल्यासारखा. आणि धोका आला की तो थर एकदम सोडून देऊ शकते. चिकटवणं बऱ्याच प्राण्यांना येतं. हवं तेव्हा सोडवणं हे जास्त अवघड.

बाजारातला गोंद समुद्राच्या पाण्यात विरघळतो. इसबगोल भिजवून त्याचा बुळबुळीत लेप पाठीवर दिला. वाळू धरते. फवारे संपल्यावर बॉबटेलला तंगुशीने वर खेचलं तर पाठीवर सलग थर तसाच होता. लेपाशिवाय खेचलं तर सगळी वाळू तिथल्या तिथे गळते.

सोडवण्याचा प्रयत्न केला नाही. लिंबू पिळून बघू या, अशी भाच्याची सूचना होती. टाकीतल्या पाण्याची वाट लावायची नव्हती.

८ डिसेंबर

एक प्रश्न राहिला होता: फवाऱ्याचं पाणी येतं कुठून? आमच्या बॉबटेलला ते नळीने टाकीबाहेरून मिळतं. प्राण्याला प्रत्येक फवाऱ्यानंतर मानेभोवतीच्या फटीतून पाणी आत घ्यावं लागतं, आणि त्याच वेळी त्या फटीभोवती वाळूचा पडदा खाली बसत असतो. फवाऱ्यांमधल्या उसंतीत हे कामही बसवायचं. ७ नोव्हेंबरच्या नोंदीत उसंतीचं जे महत्त्व लिहिलंय त्यात ही भर. पडदा उठलेला असताना श्वास आत घेतला तर वाळूही आत येईल.

नमुन्यात हे बसवायचं म्हणजे आकुंचन पावणारी पिशवी हवी, झडपांसकट. वर्षभराचं काम आहे. इथे थांबतो.

वाळूत *राहून* श्वास घ्यायचा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या ऑक्टोपस कौर्ना या छोट्या अष्टपादाने वेगळ्याच रीतीने सोडवलाय. तो पाण्याचा झोत वाळूत सोडून ती पातळ करतो, तिच्यातून हातांनी आत खोल जातो, आणि भिंतींना चिकट स्रावाचा गिलावा देतो. पृष्ठभागापर्यंत एक अरुंद धुराडं ठेवतो, श्वासासाठी. २०१५ मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध झालं. लक्षात घेण्यासारखं असं की त्याला हात आहेत, वाळू पातळ झाली की तो त्यांनी स्वतःला खाली ओढू शकतो. तरंगण्याच्या कोड्याला त्याचं उत्तर ते. बॉबटेलचे हात आखूड, ते डोकं झाकण्यापुरतेच. म्हणून त्याचं उत्तर अदलाबदल.

१५ डिसेंबर

भाच्याच्या कॉलेजातल्या विज्ञान प्रदर्शनासाठी टाकी द्यायची आहे, त्यासाठी शेवटचे आकडे इथे टाकून ठेवतो, नाहीतर वहीत हरवतील.

वाळू भाट्याची, १५० ते २५० मायक्रॉन, तीनदा धुतलेली, थर ७ सेंमी. फवारा अर्धा मिलि, पाव सेकंद. उसंत ०.७ सेकंद. सुरुवात पुढच्या नळीने. पट्ट्या फवारे पूर्ण थांबल्यावरच चालू करायच्या, आधी केल्या तर पडद्यातली वाळू तंगुशीच्या भोकात अडकते आणि सर्व्हो कण्हतो. दोन खेपांच्या मध्ये वाळू लाकडी पट्टीने सपाट करायची, हाताने नको, खड्डे राहतात. पंपाच्या तोंडाला मोज्याचं कापड. पाणी रोज बदलायचं.

काळ्या वाळूची छोटी टाकी शेजारी ठेवायची, तेच बॉबटेल, तेच फवारे. पाट्या लिहायचं काम भाच्याकडे. त्याने पहिल्या पाटीवर ‘बॉबटेल वाळूत कसे बुडते?’ असं लिहून आणलं होतं. ती खोडायला लावली.

“मग काय लिहू, मामा?”

“काही लिहू नकोस. बटण ठेव.”

बटण लावलं. रिले (बटणामागची विजेची कळ) मात्र ऐन वेळी चिकटतोय, उद्या बदलायचा.